अक्षरांची सरकासरक आणि नोकरीची रांग

इंग्रजीतील ‘कॅट’ हा शब्द एका सांकेतिक भाषेत ‘ई-सी-व्ही’ असा लिहिला, तर ‘डॉग’ हा शब्द त्याच भाषेत कसा लिहिला जाईल? सरकारी नोकरीसाठी एकदा तरी अर्ज केलेल्या कोणाही तरुणाला या जातीचा प्रश्न अपरिचित नाही. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा, रेल्वे भरती, बँकांतील कारकुनी, पोलीस शिपाई, तलाठी, पद कोणतेही असो, ‘बुद्धिमत्ता चाचणी’ या भारदस्त नावाच्या विभागात अक्षरे पुढेमागे सरकवण्याचे दोनचार प्रश्न सहसा असतातच. शालेय शिष्यवृत्ती परीक्षेत मुलांची त्यांच्याशी पहिली गाठ पडते आणि भरतीची वयोमर्यादा उलटेपर्यंत ते पाठ सोडीत नाहीत. वरकरणी हा विषय क्षुल्लक वाटेल. परंतु देशातील कोट्यवधी तरुण आपल्या उमेदीची काही वर्षे ज्या अभ्यासात घालवतात, तो अभ्यास कशासाठी आहे आणि त्यातून कोणाचे काय साधते, हा प्रश्न क्षुल्लक म्हणता येणार नाही.

कोडे सोडवण्याची रीत मुळीच अवघड नाही. इंग्रजी वर्णमालेतील अक्षरांना १ ते २६ असे क्रमांक द्यावयाचे. ‘कॅट’मधील सी तिसरे, ए पहिले आणि टी विसावे. संकेतातील ई पाचवे, सी तिसरे आणि व्ही बाविसावे. म्हणजे प्रत्येक अक्षर दोन घरे पुढे गेले आहे. तोच नियम ‘डॉग’ला लावला की डीचे एफ, ओचे क्यू आणि जीचे आय होते. सरकता सरकता झेडच्या पलीकडे जाण्याची वेळ आली, तर २६ वजा करून पुन्हा एपासून मोजावयाचे. घड्याळात दहा वाजल्यानंतर पाच तासांनी तीन वाजतात, तसेच हे. दुसऱ्या प्रकारात वर्णमाला उलटी धरतात. एच्या जागी झेड, बीच्या जागी वाय. अशा जोडीतील क्रमांकांची बेरीज नेहमी २७ भरते, म्हणून चौथ्या डीची जोडी तेविसाव्या डब्ल्यूशी जुळते. तिसऱ्या प्रकारात सरकण्याचे अंतर वाढत जाते. ‘बेड’ या शब्दातील बी एक घर, ई दोन घरे आणि डी तीन घरे पुढे गेले की ‘सी-जी-जी’ तयार होते. ई, जे, ओ, टी, वाय ही अक्षरे अनुक्रमे ५, १०, १५, २० आणि २५ या स्थानांवर आहेत, एवढे पाठ असले की मधल्या कोणत्याही अक्षराचे स्थान बोटे न मोजता सांगता येते. शास्त्र म्हणून जे काही आहे ते एवढेच. बरा शिक्षक लाभला तर आठवीच्या वर्गातील मूल ते थोड्या दिवसांत आत्मसात करील.

मग अडचण कोठे आहे? ती वेळेत आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेत पहिल्या टप्प्याला १०० प्रश्न आणि ६० मिनिटे असतात. प्रत्येक प्रश्नाच्या वाट्याला ३६ सेकंद येतात. बरोबर उत्तराला दोन गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरास अर्धा गुण कापला जातो. छत्तीस सेकंदांत अपरिचित नियम शोधून काढणे बहुतेकांना शक्य नसते. तो आधी शेकडो वेळा डोळ्यांखालून गेलेला असावा लागतो, म्हणजे पाहताक्षणी ओळखता येतो. शोधण्यास बुद्धी लागते, ओळखण्यास सराव. या परीक्षा मोजतात तो प्रामुख्याने सराव होय. आणि सराव ही फुकट मिळणारी वस्तू नव्हे. त्यासाठी मोकळा वेळ लागतो, अभ्यासिकेची जागा लागते, प्रश्नसंच लागतात, क्लासचे शुल्क लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उमेदवार दोन-तीन वर्षे काही कमावीत नसताना घर चालवणारे दुसरे कोणी तरी लागते. मराठवाड्यातून आणि विदर्भातून पुण्याच्या पेठांत येऊन राहणाऱ्या मुलामुलींचा हा खर्च बहुधा कोरडवाहू जमिनीतून किंवा आईबापांच्या मजुरीतून निघतो.

या कोड्यांविषयी आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. तर्कशास्त्राच्या काटेकोर दृष्टीने त्यांना एकच एक उत्तर असतेच असे नाही. समजा, ‘ए-बी’ ही अक्षरे ‘बी-डी’ अशी लिहिली आहेत आणि ‘सी-डी’ कशी लिहाल असे विचारले आहे. एक उमेदवार म्हणेल, प्रत्येक अक्षराचा क्रमांक दुप्पट झाला आहे. एकाचे दोन, दोनाचे चार. म्हणून उत्तर ‘एफ-एच’. दुसरा म्हणेल, पहिले अक्षर एक घर आणि दुसरे दोन घरे सरकले आहे. म्हणून उत्तर ‘डी-एफ’. दोघांचेही तर्क निर्दोष आहेत. कोणते उत्तर बरोबर, हे अक्षरे ठरवीत नाहीत. प्रश्न काढणाऱ्याच्या मनात काय होते, यावर ते ठरते. चार पर्यायांतून निवड करावयाची असल्याने ही संदिग्धता बहुतेक वेळा झाकली जाते. तरीही तत्त्व शिल्लक राहतेच. प्रश्नकर्त्याच्या ठरावीक सवयी ज्याला ठाऊक आहेत तो पुढे जातो, आणि त्या सवयी शिकवण्याचाच धंदा क्लासवाले करतात. अधिक खोल विचार करून दुसरा नियम शोधणारा उमेदवार येथे वेळ गमावतो आणि प्रसंगी अर्धा गुणही.

भाषेचा मुद्दाही विचारात घेतला पाहिजे. केंद्रीय पोलीस दलांतील शिपाई भरतीची परीक्षा २०२४ पासून मराठीसह १३ प्रादेशिक भाषांत घेतली जाते. रेल्वेच्या परीक्षाही मराठीतून देता येतात. ही सुधारणा निःसंशय स्वागतार्ह आहे. तथापि, प्रश्नाची वाक्ये मराठीत आली तरी सरकणारी अक्षरे बहुतांशी इंग्रजीच राहतात, आणि याचे कारण केवळ आळस नव्हे. देवनागरीची घडणच निराळी आहे. ‘नगर’ हा शब्द एकेक घर पुढे सरकवला की ‘पघल’ होतो; येथवर ठीक. पण ‘शिक्षण’ या शब्दाचे काय करावयाचे? शि-मधील वेलांटी जागीच ठेवावयाची की तीही सरकवावयाची? क्ष हे एक अक्षर मानावयाचे की क् आणि ष यांचे जोडाक्षर? ळचे स्थान लच्या शेजारी की हच्या नंतर? मोजताना ङ आणि ञ धरावयाचे की गाळावयाचे? कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशा उच्चारस्थानांनुसार पाच-पाचांच्या वर्गांत बसवलेली आपली वर्णमाला ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने अत्यंत तर्कशुद्ध आहे. पण एका ओळीत सरळ मोजत जाण्यासाठी ती रचलेली नाही. परिणामी मराठी माध्यमातील मुलाची तर्कशक्ती परक्या लिपीच्या क्रमावर तपासली जाते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे ही अक्षरे कोणाला अगदीच अनोळखी राहिलेली नाहीत, हे मान्य केले पाहिजे. तोटा फार मोठा नाही, काही सेकंदांचा आहे. परंतु जेथे अर्ध्या गुणावर शेकडो उमेदवार मागे पडतात, तेथे काही सेकंदांचा तोटा हाही अन्यायच ठरतो.

हा तोटा टाळता येतो, याचा पुरावा सरकारच्याच दुसऱ्या एका परीक्षेत आहे. जवाहर नवोदय विद्यालयांच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत ८० पैकी ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे असतात आणि ते आकृत्यांवर आधारलेले असतात. ग्रामीण मुलांसाठी काढलेल्या शाळांच्या परीक्षेत अक्षरांचा अडसर नको, एवढा विवेक तेथे दाखवला गेला. सराव आणि शिकवणी यांचा प्रश्न आकृत्यांनीही सुटत नाही, ही गोष्ट अलाहिदा.

मुळात संकेतलेखन ही विद्या हलकी नाही. ज्यूलियस सीझर आपल्या खासगी पत्रांत प्रत्येक अक्षर तीन घरे सरकवीत असे, असे रोमन चरित्रकार सुएटोनिअसने नमूद केले आहे. भाषेत कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजून असे संकेत फोडण्याची रीत नवव्या शतकात अल-किंदी या अरब पंडिताने मांडली. वात्स्यायनाने सांगितलेल्या ६४ कलांत सांकेतिक लेखनाची कला आहे. महाराष्ट्राला तर हा इतिहास घरचाच आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत लिहून ठेवले, आणि त्यामुळे मराठीतील आद्य गद्याचे हे भांडार कित्येक शतके पंथाबाहेरच्या मराठी समाजाला बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपींची किल्ली संशोधकांच्या हाती आली तेव्हा ते खुले झाले. ज्ञान एकीकडे, त्याची किल्ली दुसरीकडे, आणि किल्ली कोणाला द्यावयाची हे ठरवणारे तिसरेच, ही रचना किती काळ टिकू शकते याचे हे बोलके उदाहरण होय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी शत्रूचे संकेत फोडण्यासाठी माणसे निवडताना १९४२ मध्ये वृत्तपत्रीय शब्दकोड्याच्या स्पर्धेचाही उपयोग करून घेतला. तेथे काम संकेत फोडण्याचे होते, म्हणून परीक्षा कोड्याची होती. तलाठ्याला सातबारा सांभाळावयाचा असतो, शिपायाला ठाण्यात आलेल्या माणसाची तक्रार नीट ऐकून घ्यावयाची असते. त्यांच्या निवडीत अक्षरे सरकवण्याला एवढे महत्त्व कसे आले?

याचे उत्तर बुद्धिमापनाच्या इतिहासात सापडते. १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने सिमाँ या सहकाऱ्याबरोबर पहिली चाचणी तयार केली, तिचा हेतू मर्यादित आणि माणुसकीचा होता. वर्गात मागे पडणारी मुले हेरून त्यांना अधिक मदत मिळावी, एवढाच तो हेतू. पुढे हे साधन अमेरिकेत गेले आणि त्याचा हेतूच पालटला. पहिल्या महायुद्धात तेथे सुमारे साडेसतरा लाख सैनिकांच्या सामुदायिक चाचण्या घेण्यात आल्या. त्या आकड्यांवरून कार्ल ब्रिगहॅम या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये वंशावंशांतील बुद्धीच्या उच्चनीचतेचे निष्कर्ष काढले, आणि १९३० मध्ये ते त्यालाच मागे घ्यावे लागले. मदतीचे साधन चाळणीचे साधन झाले. चाळणी लावणाऱ्यांनी चाळणीवर राहिलेल्यांना बुद्धिमान आणि खाली पडलेल्यांना मंद ठरवले. स्टीफन जे गूल्ड यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या साऱ्या व्यवहाराची झाडाझडती घेतली आहे.

ब्रिटनमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी मुलांची परीक्षा घेऊन त्यांना वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटण्याची पद्धत रूढ झाली. त्या परीक्षेच्या शाब्दिक तर्काच्या प्रश्नपत्रिकेत अक्षरांचे संकेत हा ठरलेला प्रकार होता. जन्मजात बुद्धी मोजणारी, म्हणून शिकवणीने न बदलणारी चाचणी, असा तिचा दावा होता. पण १९५० च्या दशकात तेथील अभ्यासकांनी दाखवून दिले की, सराव आणि शिकवणी यांनी गुण वाढतात. ब्रायन सायमन या शिक्षणतज्ज्ञाने १९५३ मध्येच या चाचण्यांवर कठोर टीका केली होती. अखेर १९६५ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने सर्वांसाठी समान माध्यमिक शाळांचे धोरण स्वीकारले. केंट, बकिंगहॅमशर अशा काही परगण्यांत ही परीक्षा आजही टिकून आहे आणि तिच्याभोवती खासगी शिकवण्यांचा बाजार आहे. म्हणजे जी गोष्ट ब्रिटनमध्ये सत्तर वर्षांपूर्वी उघड झाली, ती आपल्याकडे अजून मान्य व्हावयाची आहे.

अमेरिकेतील एक निवाडाही येथे स्मरणात घेण्याजोगा आहे. नॉर्थ कॅरोलायनातील ड्यूक पॉवर या वीज कंपनीने बढतीसाठी आणि बदलीसाठी सामान्य बुद्धिमत्ता चाचणीची अट घातली होती. तिच्यामुळे कृष्णवर्णीय कामगार मोठ्या प्रमाणावर बाहेर राहत. १९७१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, एखाद्या चाचणीमुळे विशिष्ट समूह बाहेर पडत असेल, तर तिचा प्रत्यक्ष कामाशी संबंध आहे हे मालकाने सिद्ध केले पाहिजे. आपला हेतू भेदभावाचा नव्हता, एवढे सांगून भागणार नाही. हा दंडक आपल्या भरती परीक्षांना लावला तर किती प्रश्न टिकतील?

येथे दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. वस्तुनिष्ठ परीक्षा भारतात आल्या त्या काही कोणाच्या कारस्थानातून नव्हेत. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा खेडोपाडी पोहोचल्या, हजारो कर्मचारी नेमावयाचे होते. पूर्वीची वशिल्याची आणि गोतावळ्याची भरती मोडून काढण्यासाठी आडनाव न पाहणारी, यंत्रावर तपासता येणारी परीक्षा हवी होती. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या निवड सेवेतून १९८४ साली मुंबईची बँकिंग कर्मचारी निवड संस्था उभी राहिली, ती याच गरजेतून. मुलाखतीत पोशाख, बोलण्याची ढब आणि जात यांवरून होणारा पक्षपात ज्यांनी भोगला, त्यांना या परीक्षेत दिलासा वाटला आणि तो खरा होता. केंद्र सरकारने २०१६ पासून खालच्या श्रेणीतील पदांच्या मुलाखती रद्द केल्या, त्याचेही स्वागतच केले पाहिजे. म्हणून या कोड्यांवर टीका करताना पुन्हा मुलाखतीकडे आणि शिफारशीच्या चिठ्ठीकडे वळावे, असे कोणीही सुचवू नये. परीक्षा वस्तुनिष्ठ हवीच. परंतु मोजणी निःपक्षपाती असली म्हणजे मोजलेली वस्तू योग्य असते, असे नाही. तागडी चोख असूनही तिच्यात भलतेच धान्य तोलले जाऊ शकते.

आता मूळ दुखण्याकडे यावयास हवे. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार, २०१४-१५ ते २०२१-२२ या आठ वर्षांत केंद्रीय नोकऱ्यांसाठी २२.०५ कोटी अर्ज आले आणि ७.२२ लाख उमेदवारांची शिफारस झाली. हा हिशेब दर ३०५ अर्जांमागे एका नेमणुकीचा आहे. रेल्वेच्या २०१९ च्या बिगरतांत्रिक पदांच्या भरतीत सुमारे ३५ हजार जागांसाठी १ कोटी २५ लाख अर्ज आले. तिच्या निकालावरून जानेवारी २०२२ मध्ये बिहारमध्ये तरुण रुळांवर उतरले. महाराष्ट्रात २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज १० लाखांहून अधिक. २०२४ च्या पोलीस भरतीत १७ हजारांवर जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालाने दाखवले की, २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतील बेकारी २९.१ टक्के होती. लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांत ती ३.४ टक्के होती. निरक्षराला बेकार राहणे परवडत नाही, म्हणून तो मिळेल ते काम पत्करतो. पदवीधर रांगेत उभा राहतो.

तीनशेंतून एक निवडावयाचा असतो तेव्हा परीक्षेचे काम योग्य माणूस शोधणे एवढेच राहत नाही. दोनशे नव्व्याण्णवांना परत पाठवणे हेच तिचे मुख्य काम होते. त्यांतील निदान शंभर जण ते काम उत्तम करू शकले असते. पण शंभर पात्र माणसांत भेद करावयाचा कसा? त्यासाठी असा काही निकष हवा की, ज्याचा कामाशी संबंध असो वा नसो, माणसे वरखाली लावता आली पाहिजेत. अक्षरांची सरकासरक हे काम बिनबोभाट करते. किमान पात्रता तपासल्यानंतर सोडत काढली असती, तर निकालाच्या गुणवत्तेत फारसा फरक पडला नसता. परंतु सोडत काढली तर जागा कमी आहेत हे सरकारला उघड कबूल करावे लागते. परीक्षा घेतली की दोष उमेदवाराच्या पदरात घालता येतो.

अर्थशास्त्राला हा प्रकार नवा नाही. लेस्टर थरो यांनी १९७५ मध्ये श्रमबाजाराचे वर्णन रांग म्हणून केले. शिक्षणाने नोकऱ्यांची संख्या वाढत नाही, रांगेतील जागा तेवढी बदलते. रोनाल्ड डोअर यांनी १९७६ मध्ये ‘पदवीच्या रोगा’चे निदान केले ते नव्याने स्वतंत्र झालेल्या गरीब देशांचा अभ्यास करून. त्याच वर्षी फ्रेड हिर्श यांनी दाखवले की, गर्दीत सर्वांनीच टाचा उंचावल्या तर कोणालाही अधिक दिसत नाही, सर्वांचे पाय मात्र दुखतात. एका उमेदवाराने क्लास लावला तर त्याला फायदा होतो. सर्वांनी लावला तर प्रश्न थोडे अवघड होतात, वेळ आणखी अपुरा पडतो आणि निवड तेवढ्यांचीच होते. समाजाच्या हिशेबात हा सारा खर्च निव्वळ तोटा आहे. या तोट्यात काहींचा नफा मात्र आहे. क्लास आणि प्रकाशने चालतात; परीक्षा घेण्याची कंत्राटे खासगी कंपन्यांना मिळतात; शिकवणीच्या शुल्कावर सरकार १८ टक्के वस्तू व सेवा कर घेते. तलाठी भरतीत खुल्या गटाला १,००० आणि राखीव गटांना ९०० रुपये शुल्क होते. दहा लाख अर्जांना ९०० रुपयांनी गुणले तरी ९० कोटी रुपये होतात. बेकारांकडून गोळा झालेली ही रक्कम आहे, याचा विसर पडू नये.

पैशाच्या या हानीपेक्षाही मोठी हानी मनाची आहे, आणि ती ‘बुद्धिमत्ता’ या शब्दाने होते. पोहण्याच्या शर्यतीत हरलेला मुलगा आपल्याला वेगाने पोहता येत नाही एवढेच म्हणतो. बुद्धिमत्ता चाचणीत मागे पडलेला मुलगा आपल्याला बुद्धीच नाही, असे मानू लागतो. गावाकडे बापाला तोंड कसे दाखवावे या विवंचनेत तो पुढच्या जाहिरातीची वाट पाहतो. ज्या समाजात शतकानुशतके काही जातींना बुद्धी नसतेच असे पढवले गेले, त्या समाजात सरकारी शिक्क्याने हा शब्द वापरताना अधिक जबाबदारी पाळली पाहिजे. जागा नाहीत, ही शासनाच्या धोरणाची गोष्ट आहे. ती तरुणाच्या डोक्यातील उणीव म्हणून त्याच्या माथी मारणे हा या परीक्षांचा सर्वांत मोठा अपराध होय.

यावर उपाय आहेत आणि त्यांतील बहुतेकांना फारसा खर्च नाही. पहिला उपाय, शालेय शिष्यवृत्तीपासून पोलीस भरतीपर्यंत सर्वत्र या विभागाचे नाव बदलावे. ‘सराव-तर्क’ किंवा असेच एखादे प्रामाणिक नाव द्यावे. दुसरा, या कोड्यांचे सर्व प्रकार, सोडवण्याच्या रीती आणि पुरेसे नमुने प्रत्येक जाहिरातीबरोबर मराठीत विनामूल्य प्रसिद्ध करावेत. किल्ली सर्वांच्या हाती दिली की ती विकणाऱ्यांचे दुकान आपोआप मंदावेल. तिसरा, हा विभाग पात्रतेपुरता ठेवावा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत २०११ मध्ये आलेली कल चाचणी देशी भाषांतील विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर २०१५ मध्ये ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरती करण्यात आली, आणि पुढे महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही तोच मार्ग पत्करला. जे अधिकाऱ्यांच्या बाबतीत मान्य झाले, ते शिपायाच्या आणि कारकुनाच्या बाबतीत का मान्य होऊ नये? चौथा, गुणानुक्रम पदाच्या कामाशी जोडलेल्या प्रश्नांवर लावावा. तलाठ्याला जमीन महसुलाचे नियम, फेरफार नोंद आणि क्षेत्रफळाचे गणित विचारावे. शिपायाला नागरिकाचे हक्क आणि फिर्याद नोंदवण्याची रीत विचारावी. असे प्रश्नही यंत्रावर तपासता येतात आणि त्यांचा अभ्यास नापास झालेल्यालाही आयुष्यात उपयोगी पडतो. पाचवा उपाय सर्वांत मोठा आणि सर्वांत टाळला जाणारा आहे: रिक्त पदे वेळापत्रक बांधून भरणे, आणि ज्यात शिकलेल्या माणसाला मानाने जगता येईल असा रोजगार शेतीबाहेर निर्माण करणे. त्याशिवाय पहिले चार उपाय रांग थोडी सुसह्य करतील इतकेच.

राहता राहिला प्रश्न कोड्यांचा. ती शाळेतून हद्दपार करण्याचे कारण नाही. ‘च’ची भाषा बोलत मोठी झालेली मराठी मुले संकेतांचा आनंद जाणतात. सीझरच्या पद्धतीत अक्षरे सरकवण्याचे प्रकार अवघे २५. चार मुलांनी वाटून घेतले तर कोणताही संदेश एका तासिकेत उलगडता येतो. वर्तमानपत्राच्या एका पानातील अक्षरे मोजून आपल्या भाषेत कोणते अक्षर अधिक येते हे मुलांनी स्वतः शोधावे, देवनागरीसाठी सरकवण्याचे नियम स्वतः ठरवावेत, ळ कोठे बसवावा यावर वाद घालावा. २६ नंतर पुन्हा एकावर येण्याच्या गणितातून शिक्षकाने त्यांना बाकीच्या अंकगणिताकडे न्यावे. तेथे घड्याळ लावलेले नसेल, चुकीला अर्धा गुण कापला जाणार नाही आणि दुसरे उत्तर शोधणाऱ्या मुलीला शाबासकी मिळेल. बुद्धीचा विकास होतो तो अशा वर्गात.

विद्यार्थी आणि युवक संघटना आज पेपरफुटीविरुद्ध आणि रखडलेल्या निकालांविरुद्ध लढत आहेत, ते योग्यच आहे. परंतु न फुटलेला, वेळेवर लागलेला आणि बिनचूक तपासलेला पेपरही कोणते प्रश्न विचारतो, हे त्यांनी आता आपल्या मागण्यांच्या यादीत घेतले पाहिजे. भरतीची परीक्षा कामाची असावी, तिची किल्ली सर्वांना विनामूल्य मिळावी आणि नोकऱ्यांच्या टंचाईला बुद्धीच्या टंचाईचे नाव देऊ नये, एवढे मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. शासनाला ही मागणी नाकारावयाची असेल तर तलाठ्याच्या आणि शिपायाच्या कोणत्या कामात अक्षरे दोन घरे सरकवावी लागतात, हे त्याने एकदा जाहीरपणे सांगावे.